सप्तपदी कुणी पाहिली?

छत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्यातली, हे आठवायला मला जुन्या सहकाऱ्यांना फोन करावा लागतो. या एका केससाठी मात्र कुणाला काही विचारावं लागत नाही. यात रक्त सांडलं नाही, हत्यार निघालं नाही, तरी त्या तीन आठवड्यांत मी जितका धावलो तितका एखाद्या दरोड्यामागेही धावलो नसेन.

तेव्हा मी अंधेरी पश्चिमेच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो, गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. हद्दीत एका अंगाला काचेच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला समुद्राला लागून कोळीवाडा. नवे कायदे यायचे होते, भारतीय दंड संहिताच चालू होती. दोन्ही बायकांची नावं मी बदलली आहेत. नवऱ्याचं तर बदलूनही घेणार नाही, त्याला मी नुसता 'तो' म्हणेन.

सकाळची हजेरी आटोपली होती. दोन आरोपींना रिमांडसाठी कोर्टात न्यायचं होतं, त्यांचे कागद मी चाळत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदार दारात आला.

"सर, नवरा-बायकोचं मॅटर आहे. एनसी घेऊन पाठवू?"

"पाठव," मी मान वर न करता म्हणालो.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. माणसाच्या हातात एक पावती द्यायची आणि कोर्टात जा म्हणून सांगायचं. अंमलदार वळला, पण त्याच्या बाजूने एक बाई सरळ आत आली. पन्नाशीची, बाजारातला मासळीचा धंदा शेजारणीवर टाकून आलेली. तिच्यामागे तिची मुलगी, सत्तावीसच्या आसपास, हातात प्लास्टिकचं फोल्डर. पाचवा महिना असावा.

"सायेब, पावती नको," आई म्हणाली. "माजी पोर शिकलेली हाय. आदी तिचं आयका, मंग काय ती पावती द्या."

मुलीला आपण नयना म्हणू. एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात ती कामाला होती. ती शांतपणे बोलायला लागली आणि गंमत म्हणजे, तिला तक्रार करायची आहे की नाही हेच तिचं ठरलेलं नव्हतं.

डिसेंबरात तिचं लग्न झालं होतं. तो मूळचा कोकणातला, एका निमसरकारी कार्यालयात नोकरीला, घटस्फोटित. हे त्याने आधीच सांगितलं होतं, कागदही दाखवला होता. आई गावी आजारी असते, म्हणून लग्न साधेपणाने करू, असं त्याचं म्हणणं. लग्नानंतर दोघं अंधेरीत भाड्याच्या खोलीत राहत होती. आता बाळ येणार म्हणून नयना रेशन कार्डावर आपलं नाव चढवायला गेली. कार्ड मुलुंडच्या पत्त्याचं होतं.

"तिथला क्लार्क म्हणाला, ह्या कार्डावर पत्नीचं नाव आहे, ते तुमचंच का? मी म्हटलं, नाही. मग हा घटस्फोटाचा कागद दाखवला. तो म्हणाला, ठीक आहे, पहिलीचं नाव कमी करून आणा. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर इतके चिडले ना साहेब. कार्डाची गरज काय, तिकडे गेलीसच कशाला. तीन दिवस बोलले नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर कुणी एवढं चिडतं का?"

माणसांबद्दल नोकरीत मी एक शिकलो होतो. ज्याच्याकडे लपवायला काही नाही, तो साध्या प्रश्नावर कंटाळतो. ज्याच्याकडे आहे, तो चिडतो. मी रिमांडचे कागद बाजूला सारले आणि हात पुढे केला.

"बघू तो कागद."

कुटुंब न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल होती. तीन पानं, शिक्के, सही, सगळं जिथल्या तिथे. परस्पर संमतीचा अर्ज मंजूर, विवाह संपुष्टात. आदेशाची तारीख ऑगस्टमधली. वाचून मी तो परत देणार होतो, पण सवयीने शेवटचं पान उलटलं. प्रमाणित नकलेच्या मागे एक शिक्का असतो. नक्कल मागितली कधी, तयार झाली कधी, हातात दिली कधी, अशा तीन तारखा त्यात हाताने भरलेल्या असतात. या नकलेवर त्या तिन्ही होत्या. तिन्ही फेब्रुवारीतल्या होत्या, त्याच वर्षाच्या.

मी पुन्हा पुढचं पान पाहिलं. ऑगस्ट. मागचं पाहिलं. फेब्रुवारी.

पलीकडच्या टेबलावर आमच्या महिला उपनिरीक्षक बसल्या होत्या. हुशार, नोकरीला जेमतेम चार वर्षं झालेल्या. कागद मी त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी दोनदा वाचला, उलटला, आणि ताठ बसल्या.

"सर, नक्कल आधी मिळाली आणि आदेश सहा महिन्यांनी झाला?"

"तेच म्हणतोय मी."

नयना आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. "काय झालं?" तिने विचारलं. "दोन दिवस द्या," एवढंच म्हणालो. "आणि घरी यातलं काही बोलू नका." अंमलदाराला सांगितलं, एनसी राहू दे, तक्रार अर्ज घे आणि स्टेशन डायरीला नोंद कर.

दुसऱ्या दिवशी उपनिरीक्षक मॅडम आणि मी वांद्र्याला कुटुंब न्यायालयात. रेकॉर्ड निघायला दुपार झाली. मूळ आदेश हातात आला तेव्हा मी आधी तारीख पाहिली. मूळ आदेश खरोखरच फेब्रुवारीतला होता. त्यात विवाह संपुष्टात वगैरे काही नव्हतं. अर्ज दाखल करून घेतला, दोघांनी सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहावं, एवढंच होतं.

हे इथे नीट सांगतो, कारण पुष्कळ लोक यातच फसतात. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या सह्या झाल्या म्हणजे घटस्फोट झाला नाही. विचार करायला मुदत मिळते, त्यानंतर दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन 'आमचं अजून तेच म्हणणं आहे' असं सांगावं लागतं. मगच हुकूमनामा होतो. तोपर्यंत ती दोघं कायद्याने नवरा-बायकोच. इथे पुढच्या तारखांच्या नोंदी पाहिल्या तर अर्जदार गैरहजर, अर्जदार गैरहजर, शेवटी प्रकरण निकाली. त्याने पहिल्याच आदेशाची तारीख आणि शेवटचा परिच्छेद बदलून नवा कागद तयार केला होता. मागच्या शिक्क्याकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नाही.

म्हणजे मुलुंडच्या रेशन कार्डावरचं नाव अगदी बरोबर होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही मुलुंडला गेलो. रेल्वेच्या पूर्वेला जुन्या इमारतीत तळमजल्याची खोली. बाहेर पोळी-भाजी केंद्राची पाटी. आत एक पस्तिशीची बाई पोळ्या लाटत होती आणि मागच्या कॉटवर एक म्हातारी पडून होती. एक अंग लुळं पडलेलं. बाईला आपण शुभांगी म्हणू.

मॅडमनी ओळख दिली आणि विचारलं, "तुमचा घटस्फोट झालाय का?"

"व्हायचाय ना," शुभांगी म्हणाली. "कोर्टाची तारीखच मिळत नाही म्हणतात हे. वकील त्यांनीच दिलेत. मी दर महिन्याला विचारते, तर म्हणतात, कळवतो, तू आईकडे बघ."

"आई?"

तिने मानेनेच कॉटकडे दाखवलं. गावी आजारी असलेली आई ती हीच होती. दोन वर्षं शुभांगीच तिचं जेवण, अंघोळ, औषधं बघत होती. तो महिन्यातून एकदा यायचा, दारातूनच आईला बघायचा, जायचा.

मी तिला नयनाबद्दल सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. मग म्हणाली, "तारीख मिळत नव्हती म्हणजे, ती घ्यायचीच नव्हती?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सुटला असता तर आईंना कोण बघणार होतं?"

हेतू त्या एका वाक्यात उघडा पडला होता. त्याला लग्न मोडायचं होतं, पण सून सोडायची नव्हती.

नयनाची फिर्याद घेतली. फसवणूक, बनावट दस्तऐवज तयार करणं, तो खरा म्हणून वापरणं, असा गुन्हा नोंदवला. यात पोलिसांना थेट तपास करता येतो. एक पत्नी हयात असताना दुसरं लग्न करण्याचा गुन्हा वेगळा. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पहिलं लग्न दुसरीपासून लपवलं तर दहापर्यंत. पण त्यात कोर्ट पोलिसांच्या कागदावर दखल घेत नाही. जिच्यावर अन्याय झाला तिने किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकाने स्वतः कोर्टात तक्रार करावी लागते. नव्या संहितेत कलमांचे आकडे बदलले आहेत, गुन्हा तोच आहे.

नोटीस देऊन त्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. खुर्चीवर असा बसला जणू आम्हीच त्याच्या कार्यालयात काम घेऊन आलो होतो.

"कागद एजंटने आणून दिला, सर. कोर्टाबाहेर असतात ना. खोटा निघाला तर मीच फसलो."

"एजंटचं नाव?"

"आठवत नाही."

"बरं. आणि हे दुसरं लग्न?"

तो किंचित हसला. "कुठलं लग्न, सर?"

"डिसेंबरातलं. कोळीवाड्याच्या हॉलमधलं."

"हार घातले, अक्षता पडल्या. तेवढ्याने लग्न होतं का? नोंदणी नाही. होम, सप्तपदी कुणी पाहिली का, विचारा ना. आम्ही एकत्र राहतो, एवढंच. लिव्ह-इन म्हणा हवं तर."

खोटं बोलणारा माणूस बहुधा घाम पुसतो. हा पुसत नव्हता. हा कायदा वाचून आला होता. दुसऱ्या लग्नाचा गुन्हा सिद्ध करायचा तर ते लग्न विधिपूर्वक लागलं होतं हे दाखवावं लागतं, आणि जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. तेवढं सिद्ध झालं नाही म्हणून कितीतरी आरोपी सुटलेले मी पाहिले होते.

शेजारच्या खोलीत नयना होती. मधलं दार लोटलेलं होतं, तिने सगळं ऐकलं. ती उठून आत आली. रडली नाही, ओरडलीही नाही.

"मला दवाखान्यात नेलंत तेव्हा फॉर्मवर पतीच्या जागी कुणी सही केली?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, मी जाऊ शकतो ना?"

त्या दिवशी मी त्याला जाऊ दिलं. अटक कधीही करता आली असती, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर हातात नसताना त्याला पुन्हा समोर बसवण्यात अर्थ नव्हता. सप्तपदी कुणी पाहिली?

सात पावलं पडली हे नयना सांगत होती, पण तिच्या एकटीच्या शब्दावर कोर्टात भागलं नसतं. साक्षीदार मिळणं सोपं वाटलं होतं. दीडशे माणसांचं लग्न. आम्ही कोळीवाड्यात गेलो आणि घरोघर जबाब घ्यायला बसलो. प्रत्येक जण सांगे, लग्न झालं, आम्ही होतो, अक्षता टाकल्या. मग मॅडम विचारत, "आणि सप्तपदी?"

"मॅडम, आमी तवा जेवायला बसलो होतो."

वीस-बावीस लोकांना विचारलं, उत्तर तेच. अक्षता पडल्या की आपल्याकडे सगळा मांडव पानांकडे वळतो. फोटोग्राफरला नवऱ्याने सांगितलं होतं की आमच्या घराण्यात विधींचे फोटो चालत नाहीत, तू जेवून घे. मामा कन्यादान करून उठले ते वाढायला गेले. आई पाहुण्यांना निरोप देत होती. भटजी नवऱ्याने आणलेले, त्यांचं नाव किंवा पत्ता कुणालाच ठाऊक नाही.

"माज्या पोरीचं लगीन सगल्या कोलीवाड्यान बगितलंय," आई मॅडमना म्हणाली, "आनि त्यो बोलतो लगीनच नाय झालं?" तिला कायद्याचा हा काटा समजावून सांगताना मलाच लाज वाटत होती.

शेवटी राहिली करवली, नयनाची चुलत बहीण. ती मात्र तिथेच बसली होती. माझ्या जिवात जीव आला.

"पावलं पाहिलीस?"

"पाहिली ना. चार."

"चारच?"

"मग ताई म्हणाली, माझी पर्स वर खोलीत राहिली, घेऊन ये. मी आले तेव्हा दोघं पाया पडत होते."

आमच्या हवालदारांनी कपाळाला हात लावला. तेहतीस वर्षं नोकरी झालेला माणूस. मी वही मिटत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "पण दादाने बघितलं असेल ना सगळं. मी फोन खुर्चीवर उभा करून गेले होते."

"कोण दादा?"

नयनाचा सख्खा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. लग्नाला येता आलं नाही, पण त्या दिवशी त्याचं जहाज परदेशी बंदरात उभं होतं, नेट होतं. करवलीने व्हिडिओ कॉल लावून फोन मांडवातल्या खुर्चीवर ठेवला होता. फोटोग्राफरला घालवून देणाऱ्याला तो फोन दिसला नाही, किंवा दिसूनही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मी उभाच राहिलो. भावाने पाहिलं असेल तर तो साक्षीदार. पण कॉल कुठे साठवला जात नाही. त्याने तो रेकॉर्ड केला असेल तरच पुरावा. "त्याला आत्ता फोन लाव," मी म्हणालो.

"आता तो दर्यान हाय," आई म्हणाली. "बंदराला लागल्याबिगर फोन नाय लागत."

निरोप पाठवला. एक टिक.

पुढचे नऊ दिवस मी काय सांगू. बंदोबस्त होता, चेन खेचणाऱ्यांची एक टोळी पकडली, दोन मोर्चे झाले. पण रोज सकाळी ठाण्यात पाय टाकला की मी मॅडमकडे बघायचो आणि त्या नकारार्थी मान हलवायच्या. नयनाही रोज ऑफिसला जाताना ठाण्यावरून जाई. आत येत नसे. फाटकातून मॅडमना बघे आणि पुढे जाई. दरम्यान त्याच्या भाड्याच्या खोलीची झडती घेतली. लॅपटॉप जप्त केला, पंचनामा केला, यंत्र तपासणीला पाठवलं. वकिलामार्फत त्याचा अटकपूर्व जामिनाचा अर्जही येऊन पडला. सुनावणीला तीन दिवस होते.

दहाव्या दिवशी साडेदहाला नयना पहिल्यांदाच फाटकातून आत आली. जवळजवळ धावत. फोन माझ्यापुढे धरला. दुसरी टिक आली होती, मग दोन्ही निळ्या झाल्या, आणि खाली भावाचा आवाज होता. "ताई, काय झालं गं? रेकॉर्ड केलंय ना. आईला बोलू नको, बोटीवर कंटाळा आला की मी तेच लावून बघतो. पाठवतो, पण फाईल मोठी हाय, वेळ लागंल."

वेळ लागला. टेबलावर फोन ठेवून आम्ही पाच माणसं त्याच्याभोवती बसलो. फाईल उतरली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चित्र धुरकट, मधूनमधून अडकणारं. पण होम दिसत होता, नयना दिसत होती, तो दिसत होता. भटजींचा आवाज खणखणीत. पहिलं पाऊल. दुसरं. हवालदार बोटांवर मोजत होते. चौथ्याला करवली उठून गेलेली दिसली. पाचव्याला चित्र गोठलं.

"अरे चल ना," हवालदार पुटपुटले.

आवाज चालूच होता. पाचवं झालं, सहावं म्हटलं गेलं, चित्र तसंच. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. मग एकदम चित्र हललं. भटजी "सप्तमं" म्हणाले आणि आम्हा सगळ्यांदेखत नयनाचा पाय तांदळाच्या सातव्या राशीवर पडला, शेजारी त्याचा.

नयना उठून खिडकीपाशी गेली आणि तिथे पहिल्यांदा रडली. मी बाहेर येऊन दोन पेले पाणी प्यायलो.

भटजींचा चेहरा स्पष्ट होता. नयनाला एवढंच आठवत होतं की ते बोरिवलीहून आले होते. हवालदार तो फोटो घेऊन पूजासाहित्याच्या दुकानांतून फिरले. दुसऱ्याच दुकानदाराने ओळखलं. दुपारी चारला भटजी माझ्यासमोर, घाबरलेले.

"मला घटस्फोटाचा कागद दाखवला होता हो. मी विचारल्याशिवाय लावत नाही. पण एक चमत्कारिक झालं. नवरा म्हणाला, मंगलाष्टकं झाली की आटपा, पुढचं राहू द्या, मंडळींना उशीर होतोय. मी म्हटलं, तुम्हाला उशीर होत असेल तर तुम्ही जेवून या. सात पावलं झाल्याशिवाय मी आसन सोडत नाही."

म्हणजे सप्तपदी चुकवायची हे त्याने लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. भटजींच्या हट्टापुढे त्याचं काही चाललं नाही.

सत्र न्यायालयाने जामीन नाकारला आणि आम्ही त्याला अटक केली. या वेळी खिशाला पेनं नव्हती. मी टेबलावर चित्रफीत लावली. सातव्या पावलापर्यंत तो बघत राहिला.

"हे कसं... तिचा भाऊ तर बोटीवर होता," त्याच्या तोंडून निघालं.

"बोटीवरूनच बघत होता तो."

लॅपटॉपचा अहवालही आला होता. खोट्या आदेशाच्या चार प्रती त्यात होत्या, पहिली चुकलेली, दुसरी सुधारलेली, अशा. एजंट कुणी नव्हताच. मग तो म्हणाला, "आईचं कोण करणार होतं, साहेब? मला ऑफिस आहे." त्याला खरोखर वाटत होतं की हे कारण मला पटेल.

एक काम उरलं होतं, तेच सगळ्यात अवघड. मॅडम आणि मी पुन्हा मुलुंडला गेलो. शुभांगीला सांगितलं, आमचा गुन्हा फसवणुकीचा आणि खोट्या कागदाचा चालेल. दुसऱ्या लग्नाची तक्रार तुम्हालाच मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागेल. आम्ही ती करू शकत नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, "ते आत गेले तर ह्यांना काय सांगू? त्यांचा एकुलता एक मुलगा आहे."

कॉटवरून आवाज आला. जीभ जड झालेली, शब्द चावल्यासारखे.

"माका सगळा ऐकाक येता गो," म्हातारी म्हणाली. "झील माझोच आसा. तरी तू कर."

शुभांगीने तिच्याकडे पाहिलं, पुढे होऊन तिची उशी सारखी केली, आणि मॅडमना विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

कोर्टात त्या दोघी पहिल्यांदा भेटल्या. एकीची तक्रार पत्नी असताना दुसरं लग्न केलं म्हणून, दुसरीची पहिलं लग्न लपवलं म्हणून. बाकावर मधे एका माणसाची जागा सोडून बसल्या होत्या. तासाभराने पाहिलं तर मधली जागा नव्हती, आणि शुभांगी नयनाला कुठल्या महिन्यात काय खावं ते सांगत होती.

खटला चालायला काही वर्षं लागली. त्याला शिक्षा झाली. त्याआधीच खातेनिहाय चौकशीत नोकरी गेली होती, कारण अशा नोकरीत पहिली पत्नी असताना दुसरं लग्न करणं हा गैरवर्तनाचा मुद्दा असतो. नयनाचं लग्न कोर्टाने रद्दबातल ठरवलं. तिला त्यापेक्षा बाळाची चिंता होती. असं लग्न कायद्यापुढे टिकत नाही, पण त्यातलं मूल औरसच धरलं जातं, बापाकडून पोटगी आणि बापाच्या मालमत्तेत हक्क त्याला मिळतो, हे तिला कळलं त्या दिवशी तिच्या आईने ठाण्यात सगळ्यांना पापलेटं पाठवली. ती मी परत पाठवली, आणि तिची आई माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. मुलगी झाली होती.

म्हातारीला तिच्या लेकीने कुडाळला नेलं. शुभांगी पोचवायला गेली आणि चौथ्या दिवशी परत येऊन पोळ्यांना लागली. तिचा घटस्फोट पुढे रीतसर झाला. मी तिला सांगितलं होतं की हुकूमनामा झाला तरी अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपू द्यायची, मगच पुढचा विचार. ती म्हणाली, "साहेब, मला कसलीच घाई नाही."

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं? कायदा शिकवला, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर तिने मला माझ्याच जुन्या नोकरीकडे बघायला लावलं. नवरा-बायकोचं भांडण म्हटलं की पावती द्यायची आणि कोर्टाचा रस्ता दाखवायचा, हे मी वर्षानुवर्षं केलं. घाटकोपरला असताना एक बाई आली होती. हिरवी साडी, हातात चार घड्या घातलेला कागद. नवऱ्याने दुसरी केली, एवढंच तिला सांगता येत होतं. मी म्हटलं, बाई, हे आमचं काम नाही. तिने कागद पुढे केला होता. मला दुसरीकडे जायचं होतं, मी तो उघडलाही नाही. तिने तो पुन्हा तसाच घडी केला, पदराच्या गाठीत बांधला आणि पायऱ्या उतरून गेली.

त्या कागदात काय होतं, हे मला आता कधीच कळणार नाही.